हरणाच्या तंबूत मासेमारी

मी आजवर एकाही हरणावर नेम धरलेला नाही, पण हरणाच्या शिकारीचा तंबू माझ्या मालकीचा आहे.

त्याचं असं झालं. मंजिरीने (ही माझी बायको) किचनच्या खिडकीसाठी ब्लाइंड, म्हणजे गुंडाळायचा पडदा, आणायला सांगितला होता. मला ऑनलाइन एक दिसला. 'ब्लाइंड, जवळजवळ नवा, पानांचं डिझाइन.' मी फोटो न बघताच बुक केला आणि इथे मिनेसोटात आमच्याच ईडन प्रेरी गावातल्या एका गृहस्थाच्या गॅरेजमधून उचलूनही आणला. जरा जड वाटला, पण चांगल्या वस्तू जड असतात अशी माझी समजूत आहे. (मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, वस्तूंशी माझा संबंध कमी येतो.) हॉलमध्ये पिशवीची चेन उघडली, तो फाडकन उलगडला आणि सोफ्यावर पेपर वाचत बसलेले माझे सासरे दिसेनासे झाले! शिकारी लोक जंगलात ज्या तंबूत लपून बसतात त्यालाही इथे ब्लाइंडच म्हणतात, हे मला तेव्हा कळलं.

सासरे म्हणजे नाना. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, सांगलीहून पहिल्यांदाच हिवाळ्यात आमच्याकडे आलेले. आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली, पण या माणसाने माझ्याबद्दल एक चांगला शब्द काढलेला नव्हता. आणि तो एक शब्द मला फार हवा होता.

"हे काय आहे?" तंबूतून आवाज आला.

"तुमच्यासाठीच आणलाय नाना," मी म्हणालो. "शनिवारी आपण गोठलेल्या तळ्यावर आइस फिशिंगला जातोय. सरप्राइज होतं."

मंजिरीने माझ्याकडे नीट बघून घेतलं. "मी तोवर खिडकीला टॉवेल लावते," ती म्हणाली.

गंमत म्हणजे माझी थाप अगदीच वाया जाणारी नव्हती. या तंबूला तळ नसतो, त्यामुळे आत बसून बर्फाला भोक पाडून मासे धरता येतात. शेजारच्या डेलने (वय सत्तर, त्यातली निम्मी वर्षं गोठलेल्या तळ्यांवर) बर्फ पोखरायचं गिरमिट घेऊन यायचं कबूल केलं. शनिवारी मी, नाना आणि माझी अकरा वर्षांची मुलगी इरा तळ्यावर पोचलो. बर्फावर पिकअप ट्रक ओळीने उभे होते.

"हे तळं आहे का पार्किंग?" नानांनी विचारलं.

"एक फूट बर्फ आहे नाना."

"मोजलं कुणी?"

डेलने मोजून दाखवलं. जन्मभर धरणाच्या पाण्याशी व्यवहार केलेला माणूस मग कुठे गाडीतून उतरला.

तंबू उभा राहिला. पांढऱ्याशुभ्र तळ्यावर हिरव्या-तपकिरी पानांचा तो तंबू इतका बेमालूम लपला होता की दोन मैलांवरूनही कोणीही बोट दाखवलं असतं. डेलने विचारलं, "आइस अँकर्स?" (म्हणजे बर्फात पिळून बसवायच्या खुंट्या.) मी तंबूबरोबर आलेल्या खुंट्या दाखवल्या. त्या मातीत ठोकायच्या होत्या. बर्फात त्या ठोकल्या आणि एकेक करून वाकल्या. मग मी डोकं चालवलं. वाऱ्याच्या बाजूच्या दोऱ्या सरळ कूलरला, म्हणजे खाण्यापिण्याच्या पेटीला, बांधल्या. त्यात जेवणाचे डबे, पाण्याच्या बाटल्या आणि चहाचा दणदणीत थर्मास होता. डेल काहीतरी बोलणार होता, पण मिनेसोटाची माणसं फार सभ्य.

आत डेलने गिरमिटाने भोक पाडलं, त्याच्या कडेने मी सतरंजी अंथरली. आणि इतकी वर्षं अमेरिकेत काढूनही संस्कार शाबूत आहेत हे नानांना दाखवायची याहून चांगली संधी मिळणार नाही, असं वाटून मी बूट काढून तंबूबाहेर ठेवले. नानांनीही काढले. डेल दिवाळीला आमच्या घरी येऊन गेलेला असल्याने त्याने आमचे पाय बघितले आणि मुकाट्याने स्वतःचेही काढले. तिघे जण मोज्यांवर, भोकाभोवती, सत्यनारायणाला बसावं तसे मांडी घालून बसलो. इरा बाहेर बर्फावर घसरत होती.

भोकात गळ सोडून तासभर झाला, एकही मासा आला नाही. नानांनी दोनदा घड्याळ बघितलं. आता त्यांना गरम चहा पाजून तरी परिस्थिती सावरावी म्हणून मी बाहेर हात घातला, कूलरच्या दोऱ्या सोडल्या आणि कूलर आत ओढला.

"बाबा, द टेंट इज मूव्हिंग," बाहेरून इरा म्हणाली.

"वारा आहे बाळा, असू दे."

"नो बाबा. इट इज लीव्हिंग."

तंबू गेला. आमच्या डोक्यांवरून, बुटांच्या तिन्ही जोड्या उधळत गेला. भर तळ्यात सतरंजीवर आम्ही तिघे, मध्ये थर्मास. नानांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेखाली बसून राहण्यापेक्षा मी धावणं पसंत केलं. मोज्यांवर! बर्फावर मोज्यांवरून धावणाऱ्या माणसाला वेग असतो, दिशा नसते. एका ट्रकला मी मिठी मारली. एका अनोळखी बाईंच्या बादलीत माझा पाय गेला. शेवटी पलीकडच्या काठाशी चार मच्छीमारांनी तंबू धरून ठेवला होता.

"हरणांचा सीझन संपला," त्यांच्यातला एक इंग्रजीत म्हणाला.

तंबू ओढत मी परत आलो तोवर इराने बूट गोळा करून आणले होते. नाना आणि डेल बूट घालून उघड्यावर चहा पीत होते आणि बर्फावर नानांनी पकडलेला एक चांगला हातभर मासा पडला होता. तंबू गेल्यावर पाचच मिनिटांत तो आला होता म्हणे.

घरी आल्यावर गरम पाण्यात पाय बुडवून बसलो असताना नाना शेजारच्या खोलीत सांगलीला सासूबाईंशी फोनवर बोलताना ऐकू आले. मी कान टवकारले.

"अगं, चौदा वर्षं मी जावयांना उगाच नावं ठेवली," नाना म्हणाले. (मंजिरी, ऐक!) "मला वाटायचं, हे असं सगळं मुद्दाम करतात. नाही गं. मनापासून करतो बिचारा."