पथ्य घेऊन जा गे मारबत

आमच्या इतवारीतल्या विणकरांच्या गल्लीत तिखट न खाणारा माणूस म्हणजे एक तर पाहुणा, नाही तर आजारी. मी आजारी होते. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट, मी तेव्हा तिसरीत. बेंबीभोवती दुखायचं आणि आपोआप थांबायचं. धरमपेठेतल्या डॉक्टरांनी नीट तपासून बाबांना सांगितलं, "आतडी ठणठणीत आहेत. पोटाची खोड आहे ही, वय वाढलं की जाईल. आठ-पंधरा दिवस दूध बंद करून पाहा. फरक नाही पडला तर पुन्हा सुरू करा."

यातलं 'बंद' तेवढं घरी पोचलं. 'सुरू' वाटेतच कुठंतरी सांडलं.

दुधापाठोपाठ दही गेलं, ताक गेलं. शेजारच्या बायजाबाईंनी वांगं वातूळ ठरवलं. नत्थूजी वैद्यांनी आंबट काढलं, म्हणजे नागपुरात राहून संत्रं बंद! कोणी तूरडाळ काढली, कोणी गूळ. येणारा प्रत्येक जण एक जिन्नस काढून जायचा, परत ठेवून कोणीच गेला नाही. शेवटी उरला मऊ भात आणि मुगाचं पाणी. दुखणं होतं तिथंच राहिलं, मी मात्र वाळत चालले. शाळेत प्रार्थनेला उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी यायची.

माय काही दुष्ट नव्हती. तिला पथ्य व्रतासारखं वाटायचं. धरायचं आपण, पण सोडायला कोणी मोठं हवं. "मी सोडलं अन् पोरीले काही झालं तं?" एवढाच तिचा घोर.

जयवंता आत्या बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी येऊन माग चालवायची. तोंडानं फटकळ, आणि मिरचीशिवाय घास न गिळणारी. पण त्या वर्षी ती रोज माझ्या शेजारी बसून माझाच पांचट भात जेवायची. विचारलं तर म्हणायची, "मलेही पोट दुखते वं." मला ते खरंच वाटायचं. आम्ही दोघी दुखणाईत मैत्रिणी! तसं सोबतीचं जेवण मला पुढे कुठल्याच पंगतीत मिळालं नाही.

एकदा सुताला लावायच्या खळीत बोट बुडवून चाटताना मी सापडले. आत्या भडकली, पण मायवर. "सूत उपाशी ठेवलं का तुटते म्हणून त्याले पीठ पाजतो आपण. मंग पोरगी काहून नाही तुटणार?" माय पदरात तोंड घालून रडली. पथ्य काही सुटलं नाही.

मग पोळा आला. दुसऱ्या दिवशी पिवळी मारबत निघाली, गावची सगळी रोगराई घेऊन वेशीबाहेर जळायला जाणारी बांबू-कागदाची ती अवाढव्य बाई. गर्दी ओरडत होती, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" माय हात जोडून माझी पोटदुखी न्यायला सांगत होती. आत्यानं मला उचलून कडेवर घेतलं. आता चौथीत गेलेली घोडी, पण वजन होतंच कुठं! आणि ती मागाच्या खडखडाटावर मात करणाऱ्या आवाजात ओरडली, "आमच्या चंद्रकलेचं पथ्य घेऊन जा गे मारबत!"

लोक हसले. मग आख्खी गल्लीच तेच ओरडायला लागली. माय चपापली.

"पाह्य कुसुम," आत्या मायला म्हणाली, "तू नाही सोडलं, मी नाही सोडलं. तिनं नेलं. मारबतीले देल्लं कोणी वापस मागते का?"

मारबतीपेक्षा मोठं कोण असणार? मायला ते पटलं. घरी येऊन तिनं कालची पुरणपोळी आणि वाटीभर दूध माझ्यापुढे ठेवलं. मी खात होते आणि दोघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. पुढेही पोट अधूनमधून दुखलं, डॉक्टर म्हणाले तसं वयाबरोबर थांबलं. पण अंधारी पुन्हा आली नाही.

मी दुसरी पोळी मागितली, तसं आत्यानं आपलं ताट मायपुढे सरकवलं.

"आता मले तिखट दे वं, कुसुम. वरीस झालं, जीभ मरून राहिली माही."

तेव्हा कळलं, तिचं पोट कधी दुखलंच नव्हतं.