गाऱ्हाण्यातला मोहल्ला

राजापुरात महिन्याच्या शेवटच्या रविवारी, संध्याकाळी चौकात धर्मनिरपेक्ष नागरिक मंचाची सभा भरते. समई नसते, हार नसतात, स्वागतगीत नसतं. बाळा मांडवकर पुढे येतात आणि मंचाची उद्दिष्टं सांगतात. सरकारला धर्म नसतो. ज्याचा धर्म त्याच्या घरात, देवळात, मशिदीत. सरकारी इमारतीत पूजा नको, दुवाही नको. दोन धर्मांतल्या मुलामुलींनी कायद्याने लग्न केलं, तर त्यांच्या पाठीशी उभं राहायचं. मग लोक प्रश्न विचारतात.

माइक अनेकदा बंद पडतो, पण बाळांचं काही अडत नाही. त्यांचा आवाज वडापावच्या गाडीपलीकडे, एसटीची वाट बघणाऱ्यांपर्यंत जातो. मंच काढणारे नासिरभाय पाइपांचे दुकानदार. ते सांगतात, "सभेसाठी भोंगा घेणार होतो. हा स्वस्त पडला."

हा आवाज थोडा एसटीच्या वर्कशॉपमध्ये तयार झाला. बाळा तिथे मेकॅनिक होते. पण त्याचं मूळ राजापूरजवळच्या त्यांच्या गावात आहे. बाळांच्या घराकडे गाऱ्हाण्याचा मान होता. कोणत्याही कार्याच्या आरंभी नारळ हातात घेऊन ग्रामदेवतेला सगळ्यांच्या वतीने मोठ्याने विनंती करायची, आणि प्रत्येक वाक्याला जमावाने 'व्हय महाराजा' म्हणायचं. आजोबांनी हे केलं, वडिलांनी केलं, मग बाळांनी. देव आहे की नाही ते आपल्याला ठाऊक नाही, पण गाऱ्हाणं गावाचं आहे, असं त्यांचं म्हणणं. मंचाच्या सचिव मृणाली वकील आहेत आणि नियमाला पक्क्या. त्यांनीही कधी हरकत घेतली नाही. गाऱ्हाणं देवळात व्हायचं, आणि देऊळ सरकारचं नव्हे.

गेल्या वर्षी गावात ग्रामपंचायतीची नवी इमारत झाली. उद्घाटनाचं गाऱ्हाणं घालायला सांगण्यासाठी सरपंच घरी आले. बाळांनी चहा दिला आणि सांगितलं, सकाळी देवळात घालीन, इमारतीत घालणार नाही. महिन्याच्या महिन्याला चौकात उभं राहून जे नको म्हणतो, ते गावात करता येणार नाही.

"म्हणजे लगीन आमच्या दारात आणि अक्षता दुसऱ्याच्या अंगणात," सरपंच म्हणाले.

गावाची बैठक बसली. बाळा नाही म्हणत असतील तर भावकीतला हर्षद घालील, असं ठरलं. जाणत्यांनी हेही बजावलं की एकदा दुसऱ्या घरी गेलेला मान परत येत नाही. बाळांनी मान डोलावली. घरी त्यांच्या बायकोने, मथुराबाईंनी, वाढता वाढता विचारलं, "चौकातल्या तीस खुर्च्यांसाठी बापाचा मान घालवताय?"

"चाळीस आहेत," बाळा म्हणाले आणि जेवले.

उद्घाटनाला ते गेले. गावकरी म्हणून जायला हरकत नव्हती. आत न जाता पायरीवर उभे राहिले. आत पहिल्या रांगेत खालच्या मोहल्ल्यातून निवडून आलेल्या सदस्या शमीम बसल्या होत्या. त्यांचा मुलगा फैझान मस्कतला असतो.

हर्षदने तयारी केली होती, पण बाळांकडे जायचा संकोच वाटल्याने मोबाइलवर दुसऱ्या एका गावचं गाऱ्हाणं ऐकून. वाड्यांची नावं तेवढी आपली घातली होती. सुरुवात चांगली झाली. वरची वाडी आली, मधली आली, तेलीवाडी आली, बौद्धवाडी आली. प्रत्येकीला 'व्हय महाराजा' मिळालं. त्यानंतर हर्षद थेट मुंबईच्या चाकरमान्यांवर गेला. ज्या गावचं गाऱ्हाणं त्याने पाठ केलं, त्या गावात मोहल्ला नव्हता.

या गावच्या गाऱ्हाण्यात तो बाळांच्या आजोबांच्या काळापासून होता. बौद्धवाडीनंतर मोहल्ला, मग चाकरमानी. शमीम यांनी मान वर करून हर्षदकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. नारळ फोडायला उचललेला होता.

"आणि खालच्या मोहल्ल्यातली घरं," पायरीवरून आवाज आला, "आखातात गेलेली त्यांची पोरं, त्यांना सुखरूप ठेव आणि सुखरूप घरी आण."

लोकांनी मागे वळूनही पाहिलं नाही. आवाज ओळखीचा होता. 'व्हय महाराजा' झालं आणि नारळ फुटला.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी बाळा चौकात वेळेवर गेले. बातमी आधीच पोचली होती. मृणालींनी विचारलं, "काका, तुम्ही आत होतात की बाहेर?"

"पायरीवर. पण पायरीही सरकारचीच."

नासिरभायचं मत वेगळं होतं. मोहल्ला वगळून गावाचं कार्य होऊ नये, हेच तर मंच सांगतो. मग ती ओळ मंचाचीच. मृणाली म्हणाल्या, ओळ बरोबर होती, जागा चुकली. दोघांचा वाद चालू असताना बाळा पुढे गेले आणि जमलेल्या लोकांना झालेला प्रकार सांगून टाकला. जो नियम मी तुम्हाला सांगतो तो मी मोडला, तेव्हा वर्षभर उद्दिष्टं दुसऱ्या कुणीतरी सांगावीत, एवढं बोलून ते खुर्चीत जाऊन बसले. ते वर्षभर उद्दिष्टं मृणालींनी सांगितली. माइक बंद पडला की लोकांना खुर्च्या पुढे ओढाव्या लागत. बाळाही ओढत.

मान परत आला नाही. तो मागायला बाळा गेलेही नाहीत. देवदिवाळीच्या आधी हर्षद मात्र त्यांच्याकडे आला आणि ओटीवर बसून सगळं गाऱ्हाणं शिकून गेला. मथुराबाईंनी त्याच्यापुढे चहा ठेवला आणि त्या आत निघून गेल्या.

देवदिवाळीला देवळात गर्दी होती. हर्षदने नारळ हातात घेतला. बौद्धवाडीनंतर तो क्षणभर थांबला, मग मोहल्ल्यातली घरं आणि आखातातली पोरं बरोबर जागेवर आली. बाळा मागे खांबाजवळ उभे होते. एवढ्या वर्षांत त्यांनी ते दोन शब्द लोकांकडून म्हणवून घेतले होते, स्वतः म्हणायची वेळ कधी आली नव्हती.

"व्हय महाराजा," ते सगळ्यांबरोबर म्हणाले.