गार लागलेली टाकी

टाकी मी हाताने पारखून घेतली. महाडच्या औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना बंद पडला होता आणि त्यांना द्रव नायट्रोजनची टाकी विकायची होती. उमरठहून येऊन मी अनेक वर्षं दुसऱ्यांनी भरलेले सिलिंडर टेम्पोतून पोचवले. स्वतःची टाकी म्हणजे स्वतः सिलिंडर भरणं, कुणाच्या दारात ताटकळत न राहणं.

मे महिन्यातली दुपार होती. टाकीत अजून माल होता. मी पत्र्यावर तळवा ठेवला. गार, किंचित ओलसर. माठ पाझरतो तेव्हाच पाणी थंड होतं, हे मला लहानपणापासून माहीत. म्हटलं, थंडावा धरणारी टाकी आहे. मग मॅनेजरशी दोन तास घासाघीस केली. बारा वर्षं माझ्याकडे असलेला फिटर शेजारी उभा होता. त्याने एकदा टाकीकडे पाहिलं आणि मग खाली.

शेडमागे टाकी उभी केली, भरली. रविवारी सुट्टी. सोमवारी सकाळी सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसत होता. एकही सिलिंडर भरला नव्हता, तरी दाबाचा काटा लाल रेषेवर.

"शेठ, ही टाकी बाहेरून गार लागता कामा नये," फिटर म्हणाला. "बर्फाचा थर्मास बाहेरून गार लागतो काय? आत एक टाकी, बाहेर एक, मधे पोकळी. पोकळीत हवा शिरली की बाहेरची उष्णता आत जाते. माल उकळतो, वायू कोंडतो. व्हॉल्व्ह सोडतोय म्हणून बरं हाय."

"तुला कधी कळलं?"

"तुम्ही हात लावलात तेव्हाच. पत्र्याला घाम होता."

"मग तोंडात काय धरलं होतंस, सुपारी?"

"तुमचा भाव चालला होता. मधे बोललं की काय होतं, ते टेम्पोच्या वेळी चार माणसांत दाखवलंत की."

टेम्पो घेताना तो फक्त "गाडी चांगली हाय" म्हणाला होता. माझा भाव मोडला, म्हणून मी त्याला आईवरून शिवी दिली होती. त्या सोमवारी पुन्हा दिली. त्याने पाने एकेक करून टेबलावर ठेवले, हात पुसले आणि गेला. मला काही वाटलं नाही.

पुण्याहून माणूस आला, यंत्र लावून पोकळीतली हवा ओढली. हवा पुन्हा शिरली. मी खुर्ची टाकून ऐकत बसायचो. फुसफुस थांबायची, काटा चढायचा, पुन्हा फुसफुस. दहा-बारा दिवसांत माल हवेत गेला आणि टाकी गप्प झाली. मी परत टेम्पो बाहेर काढला.

फिटर आता वसाहतीतल्या एका कारखान्यात आहे. मी गेटवर सिलिंडर उतरवतो तेव्हा कधी तो पाळीच्या बसमधून उतरतो.

"शेठ, बरं हाय ना?"

"हाय."

बारा वर्षांच्या माणसाने एक शब्द टाकायला हवा होता. मी ऐकलं असतं, असं मी बायकोला सांगतो. ती भाजी निवडत राहते.