दाजींच्या फुफ्फुसातल्या पेशी

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी नाशिकच्या एका इस्पितळात पॅथॉलॉजिस्ट होते. थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, मनमाडला रेल्वेत फिटर. त्यांना लागोपाठ दोनदा न्यूमोनिया झाला, खोकला काही हटेना, म्हणून बहीण त्यांना घेऊन आली. छातीच्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली, फुफ्फुसाच्या एका भागात सलाइन सोडून परत ओढून घेतलं आणि ते तपासायला माझ्याकडे पाठवलं.

पाणी गढूळ होतं. स्लाइडवर मॅक्रोफेज पेशी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. श्वासातून आलेली धूळ, जंतू गिळून टाकणं हे त्यांचं काम. दाजींच्या पेशी तपकिरी-काळ्या कणांनी गच्च भरल्या होत्या. सिगारेट ओढणाऱ्यांच्या अशा स्लाइड नेहमीच यायच्या. रिपोर्टात एक ओळ लिहायची आणि पुढची घ्यायची. याही वेळी तसंच केलं. टीबी नव्हता, कॅन्सरही दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी दाजी लॅबमध्येच आले. "मला बघू दे काय हाय ते."

मायक्रोस्कोपला डोळा लावून ते बराच वेळ उभे राहिले.

"मेल्यात का ह्या?"

"नाही. पण धूर गिळून भरल्यात. जंतू आले तरी नीट मारता येत नाहीत त्यांना."

"एवढ्या हायेत, मग जमत कसं नाय?"

प्रश्न बरोबर होता. "धुराने आत सारखी सूज राहते, म्हणून शरीर नव्या पाठवत राहतं," मी म्हटलं. "त्याही भरतात."

"बरं," म्हणाले, आणि इस्पितळाच्या फाटकाबाहेर जाऊन त्यांनी सिगारेट पेटवली. मला ते खिडकीतून दिसलं. राग आला नाही, वाईटही फारसं वाटलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात तिसरा न्यूमोनिया झाला आणि तो जिवावर बेतला. त्यानंतर मात्र त्यांनी सिगारेट सोडली.

काही वर्षांनी खोकल्यातून थोडं रक्त पडलं म्हणून पुन्हा दुर्बीण झाली. जुन्या न्यूमोनियाचा व्रण निघाला, काळजीचं काही नव्हतं. या वेळी पेशी कमी होत्या, बऱ्याचशा स्वच्छ. काहींमध्ये मात्र तपकिरी ठिपके होतेच.

"अजून?" दाजी दुखावले. "इतकी वर्षं हात लावला नाय मी."

"हळूहळू जातं, दाजी."

बाहेर बहीण बसली होती. तिने विचारलं, "काय निघालं?"

"साफ हाय," ते म्हणाले.

न्यूमोनिया पुन्हा झाला नाही. जिना चढताना लागणारी धाप तेवढी राहिली.