दार उघडेपर्यंत आ करा

आमच्या तळमजल्यावर दाताचे एक डॉक्टर आहेत. सत्तरीला टेकलेले, मिशा दात घासायच्या ब्रशासारख्या. सबंध इमारत त्यांना ‘आ-करा’ म्हणते. तोंडावर नाही, अर्थात. त्यांच्यासमोर आपलं तोंड आधीच उघडं असतं, त्यातून शब्द फुटणार कुठून?

या आ-करांना एका जुन्या विज्ञान कादंबरीचं वेड. कॉलेजात असताना हातात धरली, ती अजून सुटलेली नाही. पेशंट खुर्चीत आडवा झाला, गालात कापूस कोंबला, की यांची गाडी सुरू. “तर एक जहाज दूरच्या ताऱ्याकडे निघालंय. चहूकडे काळाकुट्ट अंधार, चिटपाखरू नाही. आणि बाहेरून कोणीतरी दार ठोठावतं!” एवढं बोलून हातातल्या दांडीने तुमच्या दुखऱ्या दाढेवर वाजवतात. टक. टक. टक. तुम्ही किंचाळता.

“अगदी अस्साच कप्तान किंचाळला!” डॉक्टर खूश.

मग दार उघडायचं की नाही यावर जहाजात रणकंदन. कप्तान म्हणतो, खबरदार. आचारी म्हणतो, अहो, एवढ्या लांबून कोणी आलंय, निदान पाणी तरी विचारा. तेवढ्यात डॉक्टर हात धुतात. “हे तात्पुरतं सिमेंट. बुधवारी या.” रूट कॅनाल हा प्रकार क्रमशः गोष्टी सांगण्यासाठीच निघाला असावा, असं माझं ठाम मत आहे.

कादंबरी दुकानात मिळते हो. अधूनमधून नवं मुखपृष्ठ लेवून येते. मी आणून वाचलीसुद्धा. माणूस ताऱ्यांवर राहायला जाणार म्हणून त्यात जे साल दिलंय, ते केव्हाच उलटून गेलं आणि आमच्या जिन्यातला दिवा अजून लागत नाही. पण ते दार! त्या दारावरून वरच्या मजल्यावरचे बँकवाले आणि त्यांची बायको अजून एकमेकांशी धड बोलत नाहीत. ते कप्तानाचे, ती आचाऱ्याची. मीही आचाऱ्याचीच. दाराबाहेर कोण आलंय ते बघितल्याशिवाय मला घास उतरत नाही, हे कोणीही सांगेल.

तर असं सगळं छान चाललेलं असताना डॉक्टरांच्या घरात सूनबाई आली. तीही दाताचीच डॉक्टर. हाताला हलकी, स्वभावाने गोड, पण घाई म्हणाल तर कढईतल्या मोहरीसारखी. तिने नवं मशीन आणलं. आवाज नाही, दुखणं नाही, रूट कॅनाल एका बैठकीत खलास! छताला टीव्ही टांगला. पेशंट यायचे, मांजरांच्या गमती बघायचे, जायचे. सासऱ्यांच्या वाट्याला उरल्या कवळ्या. एकदा मी खिडकीतून सहज (मी नेहमी सहजच बघते) डोकावले, तर डॉक्टर कवळीला गोष्ट सांगत होते. कवळी बिचारी आ करून ऐकत होती.

शेवटी सूनबाई म्हणाली, “बाबा, आता आराम करा. दवाखाना मी सांभाळते.”

“आणि गोष्ट?”

“बाबा, कोणाला हवीय ती?”

नेमकी तेव्हाच मी गाल धरून दारात. डॉक्टरांचे डोळे चमकले. “काकूंची दाढ तू कर. एका बैठकीत झाली, तर मी उद्यापासून घरी. मी फक्त बाजूला उभा राहून बोलणार.”

“बोला की. काकू, आ करा.”

माझ्या दाढेवर एका माणसाचं म्हातारपण टांगलेलं, आणि मला हूं की चूं करता येत नव्हतं. भूल चढली. मशीन गुपचूप फिरू लागलं. डॉक्टरांनी आधी टीव्ही बंद केला. मग हळू आवाजात सुरुवात. जहाज. अंधार. कप्तान झोपलाय. आचारी एकटाच दारापाशी आलाय, त्याचा हात कडीवर... आणि डॉक्टरांनी बोटाच्या पेराने स्टीलच्या ट्रेवर वाजवलं. टक. टक. टक.

मशीन थांबलं.

“मग? उघडलं?” सूनबाईने विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “तू आटप गं. दाढ झाली की मी चाललोच घरी.”

“बाबा, असं काय करता! उघडलं का तेवढं सांगा ना!”

डॉक्टर छताकडे बघत मिशा कुरवाळू लागले.

सूनबाईने माझ्या तोंडात वाकून पाहिलं. मग सासऱ्यांकडे. मग पुन्हा माझ्या तोंडात, बराच वेळ. आणि मुकाट्याने तात्पुरतं सिमेंट कालवायला घेतलं.

“काकू, दाढ जरा वाकडी आहे हो तुमची. बुधवारी या.” मग मान न वळवता, “बाबा, बुधवारी तुम्ही असाल ना?”

“बघू,” डॉक्टर म्हणाले. मिशा मात्र कानापर्यंत गेल्या होत्या.

मी जिन्यापाशी पोहोचते न पोहोचते, तोच सूनबाई मागून धावत आली. “काकू, तुम्ही तर पुस्तक वाचलंय! मला सांगा ना, तो दार उघडतो?”

भूल तशी उतरत आली होती. पण मी गाल धरला, डोळे गरीब केले आणि म्हटलं, “आँ... आँ...”