शेठची अर्धी गोळी

“हिला काय दिलंत?” मी तिसऱ्यांदा विचारलं.

कॉटवर चार वर्षांची स्वरा. कॉटभोवती घरची सात-आठ माणसं, एरवी एकाचंही तोंड बंद नसतं. आता सगळी भिंतीकडे बघत होती.

सकाळी आई उठवायला गेली तर पोर उठेना. अंग घामानं चिंब. मग झटका आला. वळ गावाहून कामतघरला माझ्या हॉस्पिटलमध्ये येताना गाडी गोडाउनच्या कंटेनरांमध्ये अडकली. आल्या आल्या शबाना सिस्टरनं बोटातून थेंब घेतला.

“मॅडम, शुगर अट्ठाईस!”

लहान मुलाची साखर सत्तरच्या खाली गेली की आमचं धाबं दणाणतं. मेंदू साखरेवर चालतो. अठ्ठावीसला तो उपाशी मरायला लागतो. शिरेतून ग्लुकोज दिलं, पोरीनं डोळे उघडले. मी जरा टेकते तोवर साखर पुन्हा घसरली. म्हणजे पोटात काहीतरी होतं, जे तिला खाली ओढत होतं. ते काय, हे कळल्याशिवाय मी आंधळी होते.

गंमत अशी की आदल्याच दिवशी हीच वरात माझ्याकडे आली होती. पोरीची साखर चारशे बारा आहे म्हणून!

ही चारशे बारा शोधून काढली होती आजोबांनी. हरिश्चंद्र शेठ. शेतावर गोडाउनं उभी राहिली, भाडं येतं, काम उरलं नाही. स्वतःला जुना डायबिटीस. त्यामुळे रोज संध्याकाळी ओटीवर ग्लुकोमीटर घेऊन बसायचं आणि समोरून जाईल त्याचं बोट टोचायचं, हा शेठचा दरबार. त्या दिवशी नात हौसेनं “मला पण” म्हणाली.

लॅबमध्ये पाठवलेल्या रक्तात साखर आली शहाण्णव. लघवीत साखर नाही. मी म्हटलं, “मला डायबिटीस वाटत नाही. पण एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज, तो रिपोर्ट उद्या येईल. तोवर नेहमीसारखं जेवू द्या.”

“म्हंजे हाय का नाय? नक्की सांगा ना,” स्वराचा बाप जयेश म्हणाला.

“नक्की उद्या.”

“उद्या?” शेठ उखडले. “आमची मशीन इम्पोर्टेड हाय. तुमच्या लॅबवाल्याचा काय भरोसा?”

स्वराची आई प्रणाली मात्र लेकीचे तळवे चोळत बसली होती. जाताना तिनं मला हळूच विचारलं, “मॅडम, आयुष्यभर सुया का?” मी म्हटलं, एक रात्र धीर धर. या देशात डॉक्टरनं ‘थांबा’ म्हटलं की लोकांना वाटतं, हिला काही येत नाही. मग ज्याला खरंच काही येत नाही, तो पुढे सरसावतो.

आता तीच प्रणाली कॉटच्या त्या बाजूनं म्हणाली, “मी सांगते.”

“सूनबाई!” शेठ गुरकावले.

“बाबांनी रात्री त्यांची शुगरची गोळी दिली. अर्धी. मधात उगाळून. आणि जेवायला फक्त काकडी. मी नको म्हणत होते.”

डायबिटीसची गोळी. मधात. मला तेव्हा शेठची गचांडी धरावीशी वाटली. त्याहून जास्त जयेशची. तो बाप फरशीच्या टाइल्स मोजत होता. मुलांना सहसा होतो त्या डायबिटीसमध्ये या गोळ्या चालतच नाहीत, इन्सुलिनच लागतं. म्हणजे शेठचं निदान खरं असतं, तरी औषध चुकलंच असतं.

पण आता शत्रू तरी कळला होता. ही गोळी पुढे दिवसभर साखर पाडत राहते. ड्रिप वाढवली, उतारा म्हणून इंजेक्शन दिलं, तासातासाला तपासणी लावली. स्वरा दुसऱ्या दिवशी दुपारी बिस्किट मागायला लागली, तेव्हा मी केबिनचं दार लावून घेतलं आणि चक्क रडले. आणखी थोडा उशीर झाला असता तर पोर गेली असती, नाहीतर मेंदू अधू झाला असता.

रिपोर्टही आला होता. अगदी नॉर्मल.

“मग चारशे बारा कशी आली?” जयेशनं विचारलं.

“टोचलं तेव्हा ती काय करत होती?”

“आंबा चोखत होती,” प्रणाली म्हणाली. “हात कुणी धुतलेच नाहीत.”

मी शेठचंच मशीन मागवलं. माझ्या जेवणाच्या डब्यातली आंब्याची फोड स्वतःच्या बोटावर चोळली आणि टोचलं. तीनशे साठ.

शेठ पुढे वाकले. “डॉक्टर, तुमाला बी हाय की!”

मी हात साबणानं धुतले, पुसले, पुन्हा टोचलं. अठ्ठ्याण्णव.

“बगा,” शेठ म्हणाले, “उतरली.”

अशा माणसापुढे विज्ञान काय करणार? हात जोडले आणि डिस्चार्ज दिला.

स्वरा आता ठणठणीत आहे. वळमध्ये शेठ सांगत फिरतात की नातीची शुगर त्यांनी वेळेवर पकडली आणि अर्ध्या गोळीत मुळापासून घालवली. ऐकणारे माना डोलावतात. दोघे-तिघे तर आपली नातवंडं दाखवायला ओटीवर येऊन गेले म्हणे. मात्र गोळ्यांचा डबा प्रणालीनं तिच्या कपाटात कुलपात टाकला आहे. शेठना रोज सकाळी गोळीसाठी सुनेपुढे हात पसरावा लागतो. जयेश अजून टाइल्स मोजतो.

औषधं लहान मुलांपासून दूर ठेवा, असं पाकिटावर छापलेलं असतं. माझ्या अनुभवात लहान मुलं त्यातल्या त्यात समंजस असतात. डबा आजोबांचा हात पोहोचणार नाही, इतका उंच ठेवा.