शालूचा कापलेला कोपरा

शोभाकाकू जॅकेट उलटंपालटं करून पाहत होत्या आणि मी तारीफ ऐकायला कान टवकारून उभी होते.

अमरावतीत माझं बुटीक आहे. बोर्डावर 'डिझायनर' लिहिलंय. आई अजूनही 'शिलाईचं दुकान'च म्हणते. जुन्या शालू-पैठण्यांचे नवे ड्रेस ही माझी खासियत. बाळापूरकडची ऋतुजा आईचा, म्हणजे शोभाकाकूंचा, लग्नातला शालू घेऊन माझ्याकडे आली होती. तिच्या साक्षगंधासाठी, म्हणजे पुण्याकडे ज्याला साखरपुडा म्हणतात त्यासाठी, त्याचं काहीतरी स्टायलिश करायचं होतं. "आईची आठवण राह्यली पाहिजे, पण मी आईसारखी नाही दिसली पाहिजे," अशी ऑर्डर. बाबा गेल्यापासून आईने तो शालू उघडलाच नव्हता, हेही तिने सांगितलं होतं. मी ऐकलं आणि माप घ्यायला लागले.

जुनं रेशीम घडीवर फाटतं. म्हणून आधी फ्यूजिंग करतात, म्हणजे मागून पातळ चिकट कापड इस्त्रीने बसवायचं. मग काठाची किनार लावली, पदराचं लांब जॅकेट केलं. अडचण एकच. पदराच्या एका कोपऱ्याला हळदीचा जुनाट डाग होता. ड्रायक्लीनिंगलाही तो बधला नाही. म्हटलं, मग आपण डिझायनर कशाला झालो? कोपरा कापला आणि जोड असा दिला की भल्याभल्यांना कळू नये.

शोभाकाकूंना कळला.

"इथला डाग कुठी गेला?"

"काढला ना काकू! पत्ताच नाही," मी फुशारकीने म्हणाले.

काकू मटकन स्टुलावर बसल्या. "डाग नव्हता बाई तो. लग्नात ह्यांच्या उपरण्याशी माह्या पदराची गाठ मारली होती, त्या गाठीची हळद होती. ओल्या हळदीचे हात होते ह्यांचे. मी तो कोपरा कधी धुतला नाही. तू काहून कापला?"

"आई, मले तरी सांगायचं होतं," ऋतुजा म्हणाली.

"काय सांगू? सारा शालू देल्ला, तं कोपरा त्यात आलाच ना!"

परवा साक्षगंध. काकू जॅकेटच्या जोडावरून नुसता अंगठा फिरवत होत्या. त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी चिंध्यांची पिशवी जमिनीवर ओतली. मशीनचे ड्रॉवर उपसले. टेबलाखाली शिरले आणि डोकं आपटून बाहेर आले. मग आठवलं, चिंध्या तर गोधडीवाल्या मावशी घेऊन जातात. फोन लावला. मावशी म्हणाल्या, "साऱ्या चिंध्या तं गोधडीत गेल्या पोरी. गोधडी अंजनगावले गेली."

"मी जाते अंजनगाव सुर्जीला! गोधडी उसवून आणते!" मी गाडीची किल्ली उचलली.

काकूंनी माझं मनगट धरलं. "थांब. हा मोर कोणाचा हाये?"

शिवणारे लोक टाचण्यांची छोटी गादी घड्याळासारखी मनगटाला बांधतात. माझी जुनी फाटली होती. कोपरा कापला तेव्हा त्यावरचा जरीचा मोर फेकवेना, म्हणून मीच डागाची बाजू आत घालून त्याची नवी गादी शिवली होती. आणि साफ विसरले होते! काखेत कळसा म्हणतात, माझ्या तर हातावर होता. हाच हात हलवत मी अंजनगावला निघाले होते.

टाचण्या काढून गादी उसवली. आतून हळद निघाली, तशीच पिवळीजर्द. पण टाचण्यांनी कापडाची पार चाळणी झाली होती. मला रडूच फुटलं.

काकूंनी तो तुकडा उजेडात धरला. मग हसल्या आणि डोळे पुसले. "भोकं पडली तं पडू दे. आमी दोघं काय कमी टोचत होतो एकमेकाले?"

"मागून लावते काकू, दिसणार नाही," मी म्हणाले.

"काहून? तू काय लपवालेच बसली का व? पुढं लाव. डाग दिसू दे."

पदराची गाठ जिथे येते, तिथेच लावला, हळद वर करून. साक्षगंधात सगळ्यांनी विचारलं, ही डिझाइन कोणाची? ऋतुजाने खुशाल माझं नाव सांगितलं आणि मी निर्लज्जासारखी मान डोलावली. तेव्हापासून शालूवर डाग दिसला की मी आधी तोंड उघडते, मग कात्री.

परवा अकोल्याच्या एक बाई मोबाइलवर त्याच जॅकेटचा फोटो घेऊन आल्या. "मले सेम असंच पाहिजे. हा हळदीचा इफेक्ट, अन् ही बारीक भोकं. किती दिवसात करून देता?"

म्हटलं, "आमी नाही करत ताई. त्याले घरी संसार करावा लागते."